पेंग येते म्हणजे आळसच का?



महर्षी पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात साधनेच्या वाटेवरची नऊ विघ्ने सांगितली आहेत. त्यांचा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. सर्वांत आधी येते व्याधी. मग चित्ताचा जडपणा, मग संशय, मग प्रमाद, आणि आळसाचा नंबर लागतो पाचवा. आपण मात्र उलट करतो. सत्संगात कुणाची मान पुढे झुकली, डोळे मिटले, की आपण थेट पाचव्या क्रमांकावर उडी मारतो. ‘तमोगुण फार आहे’, ‘मन लागत नाही’, ‘पूर्वकर्म आडवे येते’ असे निर्णय चटकन दिले जातात. शेजारी बसलेला कोपराने ढोसतो, मागचे दोघे हसतात. ज्याला पेंग आली तोही शरमेने मान खाली घालतो. पहिल्या क्रमांकाची चौकशी मात्र कुणी करीत नाही. ती चौकशी आज करू या.

पतंजलींचे नाव काशीशी जोडलेले आहे. वाराणसीत जैतपुरा भागात नागकुआँ नावाची पायऱ्यांची जुनी विहीर आहे. पतंजली येथे राहत असत अशी परंपरा आहे आणि नागपंचमीला तेथे विद्वानांचे शास्त्रार्थ होतात. धन्वंतरींचे नावही याच नगरीशी जोडलेले आहे. सुश्रुतसंहिता ही काशिराज दिवोदास धन्वंतरींनी सुश्रुतादी शिष्यांना केलेला उपदेश म्हणून सांगितली आहे. म्हणजे मनाची चिकित्सा सांगणारे आणि शरीराची चिकित्सा सांगणारे, दोघेही एकाच गावाचे. आजही काशी हिंदू विश्वविद्यालयात आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक एकाच संस्थेच्या छत्राखाली शिकवले जातात. काशीला जाणाऱ्या साधकाने शरीराला तुच्छ मानावे असे या नगरीच्या परंपरेत कुठेच दिसत नाही.

पण काशी रात्रीची झोपत नाही, हेही खरे. मणिकर्णिकेवरच्या चिता रात्रंदिवस जळत असतात. विश्वनाथाच्या मंगला आरतीसाठी पहाटे तीनच्या आधी रांगेत उभे राहावे लागते. अस्सी घाटावर उजाडण्यापूर्वीच गंगेची आरती आणि गायन सुरू होते. त्यामुळे घरी झाकून राहिलेल्या झोपेच्या तक्रारी यात्रेत उघड्या पडतात. धर्मशाळेच्या एका खोलीत सहा-सात जण निजतात, तेव्हा कुणाचीच झोप खासगी राहत नाही.

गेल्या कार्तिकात मराठी साधकांचा एक गट काशीला गेला होता. त्यात साठीच्या पुढचे एक काका होते. नाव सांगत नाही, पण त्यांनी आपला अनुभव लिहायला आनंदाने परवानगी दिली आहे. तीस वर्षांची पारायणे, एकही एकादशी चुकलेली नाही असा माणूस. मात्र चार-पाच वर्षांपासून प्रवचन सुरू झाले की दहा मिनिटांत त्यांना डुलकी लागे. लोक हसत. काकांनी स्वतःला शिक्षा लावून घेतली होती. सत्संगाच्या दिवशी ते संध्याकाळचे जेवत नसत आणि सभागृहात शेवटी, भिंतीपाशी उभे राहून ऐकत. उभ्यानेही एकदा झापड आली आणि ते खुर्चीवर कोसळले. ‘देवाचे नाव ऐकायची माझी लायकी उरली नाही’ असे ते काकूंना म्हणाले होते. तीस वर्षे साधना करणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य यावे, यापेक्षा मोठे नुकसान कोणते?

धर्मशाळेत दुसऱ्या दिवशी सकाळी गटातल्या एक ताई त्यांच्याजवळ आल्या. या ताई निवृत्त परिचारिका. “काका, रागावू नका, पण रात्री मी घड्याळ लावून बसले होते. तुम्ही घोरता घोरता मध्येच गप्प होता. श्वासच नसतो. मग अंग दचकतं आणि मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास येतो.” काका हसून म्हणाले, “अहो ताई, घोरणं आमच्या घराण्यातच आहे. वडील घोरायचे तर वाड्यातली मांजरं पळायची.” ताईंनी विचारले, “आणि वडील कशानं गेले?” काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी झोपेतच गेले होते.

वडिलांना नेमके काय झाले होते, हे आता कुणी सांगू शकणार नाही. काकांना मात्र तपासणीची गरज पटली. घरी परतल्यावर त्यांची झोपेची तपासणी झाली, जिला स्लीप स्टडी म्हणतात. रात्रभर डोक्याला, छातीला, बोटाला तारा लावून श्वास, हृदयाचे ठोके, रक्तातील प्राणवायू आणि मेंदूच्या लहरी यांची नोंद केली जाते. अहवाल आला की ताशी सरासरी ४२ वेळा श्वास अडतो किंवा अपुरा पडतो. तासाला पाचपेक्षा कमी वेळा असे होणे सामान्य मानतात. तीसच्या वर गेले की आजार तीव्र समजला जातो. म्हणजे हा गृहस्थ रात्री आठ तास अंथरुणात असे, पण दर दीड मिनिटाला त्याचा मेंदू त्याला गुदमरण्यातून वाचवण्यासाठी अर्धवट जागा करीत असे. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नसे.

या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. सगळ्यांचेच पडतात. पण ज्यांच्या मानेभोवती चरबी जास्त आहे, जबडा लहान आहे, टॉन्सिल मोठे आहेत, त्यांची श्वासाची वाट मिटूनच जाते. छाती श्वास घेण्यासाठी धडपडते, हवा आत जात नाही, रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून जागा होतो, वाट उघडते, मोठा आवाज होतो आणि पुन्हा झोप लागते. असा प्रत्येक अडथळा किमान दहा सेकंदांचा असतो. कित्येकदा तो अर्ध्या मिनिटाचाही असतो.

लक्षणे मी सविस्तर देतो, कारण ती एकेकटी आली की कुणाच्या लक्षात येत नाहीत. मोठे घोरणे आणि मध्येच पडणारी शांतता. गुदमरून दचकून उठणे. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणे. (काकांनी यासाठी मधुमेहाची तपासणी दोनदा करून घेतली होती आणि ती दोन्ही वेळा चांगली आली.) सकाळी डोके जड, तोंड कोरडे. दिवसभर पेंग, विसरभोळेपणा, विनाकारण चिडचिड. तीन-तीन गोळ्या घेऊनही आटोक्यात न येणारा रक्तदाब. स्त्रियांमध्ये, विशेषतः पाळी गेल्यानंतर, हा आजार बराच दिसतो. पण त्या घोरण्यापेक्षा थकवा, झोपमोड आणि उदास वाटणे याच तक्रारी सांगतात, म्हणून तो ध्यानात येत नाही. बाई घोरते हे घरात कुणी बोलून दाखवत नाही, हेही एक कारण असावे. हा फक्त जाड माणसांचा आजार आहे असेही समजू नये. सडपातळ माणसांनाही तो होतो.

आपल्याकडे घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण मानतात. ‘बघा कसा निवांत घोरतोय’ असे आपण कौतुकाने म्हणतो. सुश्रुताने असे म्हटलेले नाही. त्याने मेद वाढलेल्या माणसाची लक्षणे सांगताना अतिझोप, थोड्याशा श्रमाने लागणारी धाप यांच्याबरोबर ‘क्रथन’ असा एक शब्द घातला आहे. टीकाकार डल्हणाने त्याचा अर्थ एकाएकी श्वास अडणे असा दिला आहे. सुश्रुताला आजचा आजार जसाच्या तसा ठाऊक होता असा दावा मी करणार नाही. तसे दावे करण्याची आपल्याला घाई असते आणि त्याने ग्रंथाचा मान वाढत नाही. पण जाडी, दिवसाची झोप आणि श्वास अडणे ही तीन लक्षणे एका माळेत ओवण्याइतकी त्याची नजर बारीक होती, एवढे निश्चित.

काकांना सीपॅप नावाचे यंत्र मिळाले. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते जगापुढे मांडले. रात्री नाकावर मास्क लावायचा, त्यातून हवेचा हलका सततचा दाब येतो आणि श्वासाची वाट उघडी राहते. त्यात औषध नसते, प्राणवायूचा सिलिंडरही नसतो. पहिले दहा-बारा दिवस काकांना ते अगदी नकोसे झाले. मग एका सकाळी ते उठले आणि काकूंना म्हणाले, “आज डोकं हलकं आहे, काय झालं असेल?” आता ते सत्संगात पुढच्या रांगेत बसतात. रक्तदाबाच्या गोळ्याही डॉक्टरांनी कमी केल्या आहेत.

त्यांनी नंतर सांगितलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. काशीला जाण्याच्या दोन महिने आधी ते गाडी चालवत होते. मागे नात बसली होती. महामार्गावर त्यांचा डोळा लागला आणि चाक रस्त्याबाहेरच्या खडीवर गेले. त्या आवाजाने ते जागे झाले. ही गोष्ट त्यांनी घरी कुणालाच सांगितली नव्हती. प्रवचनातल्या डुलकीची त्यांना लाज वाटत होती. स्टिअरिंगवरच्या डुलकीचे कारणही तेच असेल, हे कुणी त्यांना सांगितलेले नव्हते, कारण आपण सगळे तमोगुणाची चर्चा करीत होतो. यात्रेच्या गाड्या आपण रात्री काढतो, ‘सकाळी दर्शन होईल’ म्हणून. मध्यरात्रीनंतर दोन ते पहाटे पाच हा काळ चालकाला झोप लागण्याचा सर्वांत धोक्याचा असतो. दुपारी जेवणानंतरचा काळ त्याखालोखाल.

आपली पेंग किती आहे हे मोजण्याची एक साधी पद्धत आहे. मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये ती मांडली. रुग्णालयाच्या नावावरून तिला एपवर्थ मापन म्हणतात. आठ प्रसंगी आपल्याला डुलकी लागण्याचा संभव किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे. वाचताना, टीव्ही पाहताना, सभेसारख्या सार्वजनिक ठिकाणी शांत बसले असता, तासभर गाडीत नुसते बसून प्रवास करताना, दुपारी आडवे झाल्यावर, कुणाशी बसून बोलताना, दुपारच्या जेवणानंतर शांत बसले असता आणि रहदारीत गाडी काही मिनिटे थांबली असता. एकूण २४ पैकी दहापेक्षा जास्त गुण झाले तर डॉक्टरांना भेटावे. तिसरा प्रसंग पुन्हा वाचा. सभेत शांत बसणे! सत्संगातली डुलकी ही वैद्यकाने विचारायचा प्रश्न आहे, हे त्या आठ ओळींत लिहिलेलेच आहे.

आता दुसरी बाजू. काहींना झोप आवरत नाही, तर काहींना ती येतच नाही. आपल्यात म्हण आहे, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. दमलेल्याला दगडावरही झोप लागते. पण ज्याला मऊ गादीवर, अंधाऱ्या खोलीत, दमलेल्या अंगानेही झोप लागत नाही, त्याला ही म्हण टोमण्यासारखी लागते. निद्रानाश म्हणजे अंथरुणात पडल्यावर झोप न लागणे, लागली तर मध्येच मोडणे, किंवा पहाटे फार लवकर जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, आणि त्यामुळे दिवसाची कामे बिघडणे. आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने असे होत राहिले तर तो दीर्घ निद्रानाश.

अध्यात्माच्या क्षेत्रात या आजाराला एक चमत्कारिक मान मिळतो. ‘योग्याला झोप कमीच लागते’, ‘अर्जुन गुडाकेश होता, त्याने निद्रा जिंकली होती’, ‘लक्ष्मण चौदा वर्षे झोपला नाही’ अशी उदाहरणे देऊन माणूस स्वतःची समजूत घालतो. पण भगवंतांनी त्याच गुडाकेशाला गीतेच्या सहाव्या अध्यायात काय सांगितले? फार झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि फार जागणाऱ्यालाही नाही. झोप आणि जाग दोन्ही प्रमाणात हव्यात. चरकाचार्यांनी आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधारखांब मानले आहेत. एक खांब काढून घर हलके झाले असे कुणी म्हणत नाही.

जागरण आणि निद्रानाश यांतला फरक एकनाथ महाराजांच्या प्रसिद्ध कथेतून मला चांगला कळतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे ही कथा माझ्या विशेष प्रेमाची आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना नाथांच्या हिशोबात एक पै जुळेना. रात्रभर दिव्यापाशी बसून त्यांनी ती शोधली आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. ते जागरण नाथांनी स्वतः निवडलेले होते. काम झाले आणि जागरण संपले. निद्रानाशात माणूस काही निवडत नाही. तोही रात्रभर हिशोबच करीत असतो, पण त्याची पै सापडतच नाही. याच नाथांनी पुढे काशीत १५७३ साली भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका पूर्ण केली. एवढे मोठे लेखन थकलेल्या, पेंगणाऱ्या मेंदूने होत नसते.

निद्रानाशावर पहिला उपाय गोळी नाही. जगभरचे तज्ज्ञ आज आधी सवयी आणि विचार बदलण्याची उपचारपद्धती सुचवतात. तिचे मुख्य नियम साधे आहेत. रोज उठण्याची वेळ एकच ठेवावी, मग रात्री झोप कितीही लागो. अंथरूण फक्त झोपेसाठी वापरावे, मोबाईल, हिशोब, वाद यांसाठी नाही. वीसेक मिनिटे झोप आली नाही असे वाटले तर उठून दुसरीकडे मंद उजेडात बसावे आणि डोळे जड झाले की परत यावे. घड्याळाकडे पाहू नये. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. पुष्कळ साधक विचारतात, ‘पडल्या पडल्या जप करू का?’ करा, पण झोप यावी म्हणून करू नका. तसे केले की दर माळेनंतर मन तपासू लागते, ‘आली का? अजून नाही आली’, आणि जप म्हणजे झोपेशी झटापट होऊन बसते. त्यापेक्षा उठून आसनावर बसावे, जपासाठीच जप करावा आणि पेंग आली की माळ ठेवून निजावे. नामस्मरणाला झोपेच्या गोळीचे काम देऊ नये. आणि गोळीचे म्हणाल तर, शेजाऱ्याची गोळी स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये. श्वास अडण्याचा आजार असेल तर काही झोपेच्या गोळ्या आणि मद्य तो वाढवतात. काशीच्या गल्लीत भांगेची ठंडाई सहज मिळते. तिने येते ती गुंगी, झोप नव्हे.

मनाचा आजारही येथे लपलेला असू शकतो. रोज पहाटे तीन-चारला जाग येणे आणि त्या वेळी मन काळवंडलेले असणे हे नैराश्याचे लक्षण असू शकते. ‘ब्रह्ममुहूर्तावर आपोआप जाग येते’ असे म्हणून त्याचा गौरव करण्याआधी त्या माणसाला विचारावे की जाग आल्यावर कसे वाटते. जगणे नकोसे वाटते असे कुणी म्हणाले तर त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

ब्रह्ममुहूर्ताचा विषय निघालाच आहे तर तोही हिशोबाने पाहू. ब्रह्ममुहूर्त सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटे सुरू होतो आणि ४८ मिनिटे टिकतो. तो घड्याळाला नव्हे, सूर्याला बांधलेला आहे. जानेवारीत काशीत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, म्हणजे ब्रह्ममुहूर्त पाचनंतर लागतो. जूनमध्ये सूर्योदय पाचच्या आसपास, म्हणून तो साडेतीनच्या सुमारास लागतो. मुंबईपेक्षा काशीत सूर्य वर्षभराच्या सरासरीने चाळीसेक मिनिटे आधी उगवतो. महाराष्ट्रातून गेलेल्या साधकाचे शरीर अजून मुंबईच्या सूर्यावर चालत असते आणि तो तीनला उठतो, वर रात्री साडेदहाची शयन आरतीही चुकवत नाही. चार तासांची झोप. एखादा दिवस ठीक. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. रोज तीन तास कमी पडले तर पाच दिवसांच्या यात्रेत पंधरा तासांचे कर्ज होते. परतल्यावर एका रविवारी दुपारपर्यंत झोपून त्याचा फार तर एखादा हप्ता फिटतो. तीनला उठायचे असेल तर आठला निजावे लागेल. दिवसाच्या ताळेबंदात दुसरी नोंद होत नाही.

आणि देवालाही शयन आरती आहे, हे आपण विसरतो. विश्वनाथाला रोज रात्री निजवतात. पंढरपुरात शेजारती होते. आषाढी-कार्तिकीच्या गर्दीत विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात, देव भक्तांसाठी रात्रंदिवस उभा राहतो, आणि यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा करून त्याचा शिणवटा घालवतात, काढा देतात. देवाच्या शिणवट्याची एवढी काळजी घेणाऱ्या लोकांनी माणसाच्या शिणवट्याला पाप म्हणावे?

आणखी काही आजार थोडक्यात सांगतो. पहिला आपल्या आई-आजींचा आहे. संध्याकाळ झाली, आडवे पडले, की पायात काहीतरी वळवळते, ओढल्यासारखे होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. चालले की बरे वाटते, पडले की पुन्हा तेच. ‘जरा पाय चेपून दे रे’, ‘पायावर उभा राहा’ असे नातवाला सांगितले जाते. डॉक्टर याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. अनेकदा यामागे शरीरातील लोहाचा साठा कमी असणे हे कारण असते. गर्भारपणात आणि मूत्रपिंडाच्या आजारातही हे दिसते. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा कमी असू शकतो, म्हणून फेरिटिनची तपासणी करायला सांगावे. जेवणाबरोबर चहा घेतल्याने अन्नातील लोह कमी शोषले जाते. उपवास करणाऱ्या आणि दिवसभर चहावर राहणाऱ्या भगिनींनी हे जरूर लक्षात घ्यावे.

दुसरा भीतीचा आहे. जाग येते, डोळे उघडतात, पण हात हलत नाही, आवाज फुटत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते, कधी खोलीत कुणी उभे असल्याचा भास होतो. खेड्यात याला मुंजा, हडळ अशी नावे आहेत. काशीत अशी माणसे पिशाचमोचन कुंडावर घेऊन येतात. पितरांसाठी श्राद्ध श्रद्धेने करावे, त्याचे स्थान वेगळे आहे. पण हा अनुभव कशाने येतो हे माहीत आहे. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवले की झोपेत काही वेळ डोळे पापण्यांखाली वेगाने फिरतात आणि तेव्हा माणूस बहुतेकदा स्वप्ने पाहत असतो. पुढे असेही कळले की या अवस्थेत श्वासाचे आणि डोळ्यांचे स्नायू सोडून बाकी शरीर सैल केलेले असते, म्हणजे स्वप्नात धावलो तरी अंथरुणातून उठून पळत नाही. कधी मन आधी जागे होते आणि शरीर काही क्षण मागे राहते. हाच तो मुंजा. अपुरी झोप, उलटसुलट वेळा आणि उताणे झोपणे यांनी हे वाढते. एरवी हे धोक्याचे नाही. भ्यालेल्या मुलीला आधी एवढे सांगावे, मांत्रिकाकडे नेऊ नये.

याच्या उलटही घडते. उतारवयात, विशेषतः पुरुषांत, स्नायू सैल होणे थांबते आणि माणूस स्वप्नात खरोखर लाथा-बुक्क्या मारतो, ओरडतो, शेजारी निजलेल्या पत्नीला लागते. हे मनातल्या दडलेल्या रागाचे फळ नव्हे. कंपवाताची ही फार आधीची खूण असू शकते, म्हणून मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावे.

तरुणांमध्ये एक विरळ आजार आहे, नार्कोलेप्सी. रात्री पुरेसे झोपूनही दिवसा अनावर झोपेचे झटके येतात. काहींचे खळखळून हसताना गुडघे लुळे पडतात किंवा मान गळते. बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात हे सुरू होते आणि वर्गात त्या मुलाचे नाव कुंभकर्ण पडते. निदान व्हायला वर्षे जातात. लहान मुलांचे तर वेगळेच. रोज घोरणारे, तोंडाने श्वास घेणारे मूल दिवसा पेंगत नाही, ते उलट चळवळे होते, अभ्यासात लक्ष लागत नाही, पुन्हा अंथरूण ओले करू लागते. अशा वेळी कानावर बसण्याआधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडून टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडिनॉइड ग्रंथी तपासून घ्याव्यात.

डॉक्टरांकडे जाताना एकटे जाऊ नये. जो झोपतो त्याला आपली झोप दिसत नाही, म्हणून शेजारी निजणारी व्यक्ती बरोबर हवी. दोन आठवडे एका वहीत निजण्याची, उठण्याची, मध्ये जाग आल्याची वेळ आणि दिवसाच्या डुलक्या लिहाव्यात. चालू असलेली सर्व औषधे, काढे, चूर्णेसुद्धा, सांगावीत. घोरण्याचा मिनिटभराचा आवाज मोबाईलवर घेतला तर बरेच काम सोपे होते. मात्र तो गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकू नये.

यंदाच्या काशी यात्रेची नोंदणी करणाऱ्या कार्यकर्त्यांना एक विनंती. अर्जात आहार आणि औषधांचे रकाने आहेत, त्याखाली ‘रात्री श्वासाचे यंत्र वापरता का?’ असा एक रकाना वाढवावा. ज्यांचे उत्तर हो असेल त्यांना धर्मशाळेत विजेच्या प्लगजवळची खाट द्यावी आणि वीज गेल्यावर तेथे जनरेटर चालू होतो की नाही हे आधी फोन करून विचारून घ्यावे. काकांनी नाव दिले आहे. खिडकीची जागा नको, प्लगची हवी, असे त्यांनी स्वतःच कळवले आहे.